हत्तीच्या पोटात शिरता आलं पाहिजे

प्रति,
उद्यान अधीक्षक, शहर अभियंता आणि प्रभागांतले लोकप्रतिनिधी,
राज्यातल्या महापालिका व नगरपरिषदा

विषय: पाच गुंठ्यांच्या बालोद्यानांतली भिंतचित्रं, शिल्पं आणि त्यांची निविदा

स. न. वि. वि.

छोट्या बालोद्यानाचं अंदाजपत्रक उघडलं की बाबींचा क्रम पाठच असतो. आधी संरक्षक भिंत, मग पेव्हर ब्लॉक, झोपाळे, घसरगुंडी, दिवे, बाकडी. आणि अगदी तळाशी, सगळं भागवून उरलेल्या रकमेत, एक बाब: ‘भिंतीवर वारली पद्धतीची चित्रे काढणे, प्रति चौरस मीटर’. गिलावा आणि रंगकाम ज्या ठेकेदाराकडे असतं त्याच्याकडेच ही बाबही जाते. मग तोच रंगारी स्टेन्सिल घेऊन येतो आणि चार दिवसांत भिंत भरून टाकतो. लोकार्पणाच्या फोटोत ती छान दिसते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिच्याकडे बघवत नाही.

ही बाब तळातून उचलून आराखड्याच्या पहिल्या पानावर न्या, एवढीच आमची मागणी आहे. भिंत, जमिनीचे उतार, पाण्याचा निचरा, झाडांच्या जागा हे सगळं एकदा ठरून गेलं की कलेला फक्त कुठेतरी चिकटायचं काम उरतं.

मुंबईच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट घ्या. तो आला एका इंग्रजी बडबडगीतातून. आपल्या मातीशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी तो लक्षात ठेवला, कारण त्याच्या आत शिरता येतं आणि वर चढून बाहेर डोकावता येतं. आपल्याकडच्या लोककलांवर बेतलेल्या शिल्पांभोवती मात्र साखळी असते आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी. मुलांच्या बागेत ही पाटी म्हणजे पंगतीला बसवून ताटावर झाकण ठेवण्यासारखं आहे.

सगळ्यात जास्त तक्रारी भिंतीच्या असतात, म्हणून भिंतीपासून सुरुवात करू. चित्र खराब झालं की दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा पाणी असतं. वरून ते शिरतं कारण भिंतीच्या माथ्यावर कोपिंग, म्हणजे दगडाची किंवा सिमेंटची झाकणी नसतं, किंवा असलं तरी भिंतीच्या बरोबरीनेच कापलेलं असतं. कोपिंग दोन्ही बाजूंना ५ सेंमी पुढे हवं आणि त्याच्या पोटाला पाणी तोडणारी खाच हवी. नाहीतर पहिल्याच पावसात चित्रावर काळे ओघळ उतरतात. खालून पाणी चढतं कारण बागेची माती थेट भिंतीला टेकवून भरलेली असते. ओल वर चढते, वाळताना क्षार मागे ठेवते, लोणा लागतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. तिसरी वाट मागची: भिंतीपलीकडे सोसायटीचा वाफा किंवा फुटकं गटार असतं आणि त्याकडे कुणी पाहिलेलंच नसतं.

यावरचे उपाय स्वस्त आहेत, फक्त वेळेवर करावे लागतात. मातीची पातळी गिलाव्याच्या खालच्या कडेपेक्षा १५ सेंमी खाली ठेवा आणि भिंतीलगत हातभर रुंद खडीची पट्टी सोडा. भिंतीचे खालचे ४५ सेंमी चित्राला देऊच नका. तिथे कोटा किंवा शहाबादी लावा. चेंडू, चिखलाचे पाय आणि नळीने पाणी मारणारा माळी या तिघांचा मारा तिथेच बसतो. नवा गिलावा २८ दिवस होईपर्यंत रंग नको. तरी शंका वाटलीच तर साधी परीक्षा आहे: हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी आतून थेंब दिसले तर भिंत तयार नाही, मग लोकार्पणाची तारीख काहीही असो.

भिंत कोरडी निघाली की तारेच्या ब्रशने घासा. शेवाळ असेल तिथे ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन, साध्या पाण्याने उतरवून पुन्हा वाळू द्या. मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर एक हात आणि अ‍ॅक्रिलिक एक्स्टीरियर इमल्शन दोन हात. भिंत गुळगुळीत दिसावी म्हणून पुट्टीचा जाड थर देऊ नका. पहिल्यांदा तोच सुटतो आणि चित्राला घेऊन पडतो. शिवाय वारली चित्र मुळात शेणामातीने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवरचं, त्याला खडबडीतपणाचं वावडं नाही. मापाचा अंदाज असा: २० मीटर लांब आणि १.८ मीटर उंच भिंत म्हणजे ३६ चौरस मीटर. तिला प्रायमर ४ लिटर, तळाचा रंग दोन हातांना ७ ते ८ लिटर आणि पांढऱ्या रेषेला २ लिटर पुरे. अंदाजपत्रकात यापेक्षा फार जास्त दिसलं तर विचारा. फार कमी दिसलं तर नक्कीच विचारा, कारण मग रंगात पाणी आहे.

आता त्या लाल-तपकिरी रंगाबद्दल. गेरू म्हणजे लोहाचा ऑक्साइड, त्याला ऊन काही करत नाही. दुकानातल्या यंत्रावर ‘गेरूसारखा’ रंग मिसळताना मात्र कधीकधी सेंद्रिय लाल रंगद्रव्य वापरलं जातं. पश्चिमेच्या भिंतीवर तो रंग दोन-तीन उन्हाळ्यांत गुलाबी होतो. निविदेत नुसतं ‘गेरू रंग’ लिहू नका, ‘आयर्न ऑक्साइड रंगद्रव्यावर आधारित’ असं लिहा आणि शेडचा क्रमांक नोंदवहीत घ्या. हे चार शब्द लिहायला पैसे लागत नाहीत.

आणि स्टेन्सिल बंद करा. वारली माणसाचं अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण; चालण्याचा, वाकण्याचा, नाचण्याचा सगळा डौल त्या टोकावर तोललेला असतो. नेमका तिथेच स्टेन्सिलच्या निमुळत्या टोकाखाली रंग पसरतो आणि कंबर सुटते. मग भिंतीवर पन्नास जण एकाच साच्यातले, एकाच अंगलटीचे, एकच पाय उचलून उभे. लांबून नक्षी वाटते, जवळून वॉलपेपर. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या तालुक्यांत हाताने काढणारे वारली चित्रकार आहेत. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी बागेच्या निविदेत कलाकाराची अट नसते, पण रंगाच्या कंपनीची असते.

कलाकार बोलावला की आणखी एक चूक टळते. लग्नातला चौक, म्हणजे घराच्या भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, हा शोभेचा नमुना नाही. त्यात पालघाट देवी असते, तो सवाशिणींनी काढायचा असतो, विधीचा भाग म्हणून. तोच चौक ‘चौकोनी आहे, फरशीवर बसतो’ म्हणून पायाखाली किंवा स्वच्छतागृहाच्या दर्शनी भिंतीवर येतो, तेव्हा समाजातल्या माणसाला काय वाटत असेल याचा विचार करा. मुलांच्या बागेला तारपा नाच (तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य), भातलावणी, मासेमारी, झाडं, पाखरं, मुंग्यांच्या रांगा असे विषय भरपूर आहेत. तेही मुलांच्या नजरेला येतील असे, म्हणजे जमिनीपासून ६० ते ११० सेंमीच्या पट्ट्यात, बारकाव्यांसह. माणसांच्या गर्दीत लपलेला एक खेकडा त्या उंचीवर काढा आणि मुलं तो रोज शोधतात की नाही ते बघा.

चित्रकथी हवी असेल तर वाट वेगळी. कुडाळजवळच्या पिंगुळीची ही ठाकर समाजाची कला भिंत भरण्याची नाहीच. सुट्या कागदांवर काढलेली चित्रं एकामागून एक दाखवत गोष्ट सांगायची, ही तिची रीत. (पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.) त्यातला एक प्रसंग उचलून मोठा करून लावला की गोष्ट मरते. त्याऐवजी पायवाटेच्या कडेने बारा-पंधरा फलक लावा, मूल चालेल तसतशी गोष्ट पुढे सरकेल. फलक व्हिनाइलच्या छपाईचे नकोत, त्यांच्या कडा मुलं नखाने सोलतात. झिलईच्या टाइलवर चित्र रंगवून साधारण ८०० अंश सेल्सिअसला भाजून घेतलं तर ते झिलईत मुरतं. उन्हाने विटत नाही आणि पुसलं की पुन्हा स्वच्छ.

हत्तीची घसरगुंडी हा आमच्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. राज्यात कितीतरी जुन्या बागांत सोंडेवरून घसरायचा सिमेंटचा हत्ती होता. नूतनीकरणात तो पाडून प्लास्टिकची बहुरंगी खेळणी बसवली जातात. हत्ती नव्याने बांधायचा तर त्याला मोकळ्या जागेसकट साधारण ४० चौरस मीटर लागतात. पाच गुंठ्यांत ते बसतं. मागून, शेपटीकडून पायऱ्या. पाठीवरचा कट्टा दीड मीटरपेक्षा उंच नको आणि त्याला ७० सेंमी कठडा. सोंडेचा सरासरी उतार ४० अंशांच्या आत. शेवटी अर्धा मीटर जवळजवळ सपाट भाग, आणि त्याचं टोक जमिनीपासून ३५ सेंमीपेक्षा उंच नको. पुढे २ मीटर आणि बाकी बाजूंना दीड मीटर मोकळं. ही मापं बागेतल्या खेळण्यांच्या सुरक्षिततेचं युरोपीय मानक ईएन ११७६ याच्या धर्तीवरची आहेत.

बांधणी फेरोसिमेंटची: ८ आणि १० मिमी सळयांचा सांगाडा, दोन्ही बाजूंनी चिकन मेशचे दोन-दोन थर, एकास दोन सिमेंट-वाळू. पाणी ५० किलोच्या पोत्याला २० लिटरच्या आसपास. मिस्त्री याहून जास्त घालणार, कारण सैल माल थापायला सोपा. तिथे कनिष्ठ अभियंत्याने उभं राहायचं. सळईवर मालाचं आवरण कमी पडलं की दोन-तीन वर्षांत ती गंजून फुगते, वरचा पापुद्रा उडतो आणि कानाच्या कडेला सळईचं टोक उघडं पडतं. ओल्या पोत्यांनी १४ दिवस पाणी मारा. सोंडेचा घसरायचा भाग जागेवर ओतलेल्या मोझेकचा करा आणि तीन वेळा घासून घ्या. त्यावर ऑइलपेंट नको. तो सहा महिन्यांत सोलतो आणि त्याच्या कडा मांडीला ओरखडतात. सोंड उत्तरेकडे करा किंवा झाडाच्या सावलीत घ्या. पत्र्याची घसरगुंडी एप्रिल-मेच्या दुपारी दक्षिणेला तोंड करून उभी असेल तर तिच्यावर हात ठेवून बघा, म्हणजे दिशेचं महत्त्व कळेल.

सुळे पुढे काढू नका. फ्रॉकचं कापड, ओढणी, जॅकेटची दोरी त्यांत अडकते आणि घसरणारं मूल गळ्याने लटकतं. सुळे गालाला चिकटलेले, उठावाचे पुरेत. याच कारणाने पोळ्याचा बैल चढायच्या शिल्पाला चालत नाही: शिंगांच्या खाली निमुळत्या होणाऱ्या फटीत मान अडकते. नियम असा की जमिनीपासून ६० सेंमीच्या वर ८९ ते २३० मिमी मापाची कुठलीही फट नको. त्यातून मुलाचं अंग जातं, डोकं अडकतं. बैल बसवायचाच तर बसलेला, मान वळवलेली, शिंगं पाठीला टेकलेली असा घडवा. शिल्पकाराला हे सुरुवातीलाच सांगितलं तर तो त्यातून काहीतरी सुंदर काढतो. नंतर सांगितलं तर ग्राइंडरने शिंगं कापावी लागतात, आणि तो बैल बघायला वाईट वाटतं.

हत्तीच्या पोटाचं भुयार दोन्हीकडून उघडं आणि ७५ सेंमी व्यासाचं ठेवा, मधे हातभर खिडकी. एक तोंड बंद असलं की ती रात्रीची मुतारी होते, हे सांगायला नको. भुयाराच्या तळाला ५० ला १ उतार द्या आणि पाणी बाहेर जाऊ द्या. झूल मात्र मोकळी सोडा: तो प्रभागातल्या कुंभाराचा, टाइलकाम करणाऱ्याचा, शाळेतल्या चित्रकलेच्या वर्गाचा भाग.

फायबरच्या पुतळ्यांविषयी थोडक्यात. वजन कमी, एका दिवसात बसतात, म्हणून आवडतात. पण जेलकोटला, म्हणजे वरच्या चकचकीत थराला केसासारख्या भेगा पडल्या की काचेचे तंतू उघडे पडतात आणि मुलांच्या अंगाला खाज सुटते. आतून पोकळ असल्याने पाणी साठतं आणि आठवड्या-दीड आठवड्यात डेंग्यूचे डास तयार होतात. आधीच बसवले असतील तर प्रत्येकाच्या सर्वांत खालच्या बिंदूला १२ मिमीचं भोक पाडा. नवे घेऊ नका.

पडण्याची जागा हा भाग सगळ्यात जास्त फसवला जातो. रंगीत रबराची फरशी दिसली की बाग सुरक्षित, असा समज आहे. पीसीसीवर (साध्या काँक्रीटवर) थेट १०-१२ मिमी रंगीत ईपीडीएम, म्हणजे कृत्रिम रबर अंथरलेलं असेल तर ती रंगवलेली सिमेंटची जमीनच. खाली जाड काळ्या रबराचा थर असला तरच धक्का शोषला जातो, आणि किती उंचीवरून पडणं सुरक्षित आहे याचा चाचणी अहवाल पुरवठादाराकडून लेखी घ्यायचा असतो. शिवाय गडद रबर उन्हात तापतं. छोट्या बागेला आम्ही वाळूच सुचवतो: धुतलेली, गोल कणांची, ०.२ ते २ मिमीची. २ मीटर उंचीपर्यंत २० सेंमी थर आणि पायांनी उडते म्हणून वर आणखी १० सेंमी. क्रश सँड नको, ती दाबून घट्ट बसते. वाळूला कुत्री-मांजरं येतात ही तक्रार खरी आहे. कुंपणाचं फाटक आपोआप मिटणारं करा आणि आठवड्याला एकदा वाळू खालवर करा.

तारपा नाच भिंतीवर काढतात तसा जमिनीवर बांधताही येतो. मधे तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वळत जाणारी माणसांची साखळी, या आकाराची बैठी भिंत बांधा: बाहेरची त्रिज्या ३ मीटर, आतली १.२, दीड वेढा, म्हणजे सुमारे २० मीटर लांबी. उंची ४० सेंमी, रुंदी ३०, दोन वेढ्यांत ९० सेंमी वाट. बाजूने विटेच्या मातीतल्या टाइलवर ५ ते ८ मिमी उठावाची माणसं, म्हणजे न दिसणाऱ्या मुलालाही हात फिरवत नाच ‘वाचता’ येईल. वर आज्या बसतील, मुलं पळतील. दोन गोष्टी चुकतात. एक, दर ३ मीटरला सांधा सोडत नाहीत, मग भिंत हवी तिथे तडकते. दुसरी, मधे बाहेर पडायला वाट ठेवत नाहीत. आत पळत गेलेलं आणि परत फिरलेलं मूल समोरासमोर आपटतं. मधल्या गोलातून एक ९० सेंमीचा छेद थेट बाहेर काढा.

फरशीवर रंगवलेली सापशिडी एका पावसाळ्यात पुसते. याउलट आपल्या किल्ल्यांवर, लेण्यांत आणि देवळांच्या ओट्यांवर दगडात कोरलेले खेळांचे पट अजून आहेत. तेच करा. बाकड्याच्या दगडावर नवकंकरी कोरा: एकात एक तीन चौकोन, मधल्या बाजूंना जोडणाऱ्या रेषा, २४ जागा, दोघांना नऊ-नऊ सोंगट्या. रेषा ६ मिमी खोल, १० मिमी रुंद. सोंगट्या ठेवायची गरज नाही. मुलं खडे आणि बिया आणतात. फक्त बागेत बिट्टी आणि कण्हेर लावू नका. बिट्टीच्या बिया खेळायला सगळ्यांना आवडतात आणि त्या अतिशय विषारी असतात.

रंगांतल्या शिशाचं एक कलम घाला. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको, असा २०१६ चा केंद्राचा नियम आहे. औद्योगिक रंग त्यात येत नाहीत, आणि लोखंडी खेळण्यांना नेमके तेच मारले जातात. म्हणून बागेत येणाऱ्या प्रत्येक डब्यासाठी चाचणीचा दाखला मागा.

निविदेत कलेची बाब बांधकामापासून वेगळी काढा, कलाकाराचं नाव आणि गाव फलकावर लिहा, आणि त्याचं मानधन ठेकेदारामार्फत न देता थेट द्या. दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघाड ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत, तीन वर्षांचा ठेवा. प्रत्येक शेडचा २ लिटरचा डबा बागेच्या खोलीत ठेवा. दुरुस्ती त्याच कलाकाराकडून, वर्षाला एक फेरी, दिवाळीनंतर. प्रवासखर्चासकट ती रक्कम आजच धरा. नाहीतर पोपडा सुटलेल्या जागी माळी उरलेला ऑइलपेंट फासतो, आणि त्याचा तरी दोष काय.

वेळापत्रकही उलटं करावं लागेल. आर्थिक वर्ष संपायच्या घाईत मार्चमध्ये गिलावा आणि एप्रिलमध्ये चित्र, हा क्रम मोडा. गिलावा आणि कोपिंग डिसेंबरच्या सुरुवातीला पुरं करा, प्लास्टिकच्या कागदाची परीक्षा जानेवारीच्या मध्यावर, चित्र फेब्रुवारीत. कलाकाराला मात्र जुलैतच कळवा. आराखड्याच्या पहिल्या बैठकीला तो असला पाहिजे, म्हणजे खेकडा कुठे लपवायचा ते तोच सांगेल.

आपले,
बालोद्यानांचे आराखडे, भिंतचित्रं आणि खेळण्यांची दुरुस्ती या कामांतले काही जण